मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, तास आणि तिकिटावरची दोन घड्याळं

आईचं पहिलं अमेरिकेचं तिकीट छापून तिच्या हातात दिलं, तेव्हा तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मुंबईहून निघणार रात्री दीडला, न्यूयॉर्कला पोचणार सकाळी साडेसातला, आणि तारीख तीच. "सहाच तास? अरे, दिवाळीत नागपूरला जायला याच्या दुप्पट लागतात!"

हा गोंधळ फक्त आईचा नाही. पहिल्यांदा लांब जाणारे, मुलांकडे निघालेले आईवडील, पहिल्या सेमिस्टरला चाललेली मुलं, सगळेच इथे अडखळतात. अंतर, उड्डाणाचे तास आणि तिकिटावर छापलेल्या वेळा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकेक करून सोडवायच्या. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण घरातल्यांची तिकिटं काढून काढून हा मार्ग मला तोंडपाठ झालाय. शहरं बदलली तरी रीत हीच.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा

"न्यूयॉर्कला चाललोय" म्हणणारे निम्मे लोक प्रत्यक्षात न्यू जर्सीला चाललेले असतात. न्यूयॉर्क शोधलं की तीन विमानतळ येतात: जेएफके, न्यूअर्क आणि लाग्वार्डिया. लाग्वार्डियाला भारतातून थेट विमान येत नाही, ते सोडून द्या. उरले दोन. घर एडिसनला किंवा जर्सी सिटीला असेल तर न्यूअर्क सोयीचं, कारण ते न्यू जर्सीतच आहे. जेएफके शहराच्या पलीकडच्या टोकाला, क्वीन्समध्ये. तिथून एडिसनला यायचं म्हणजे अख्खं न्यूयॉर्क ओलांडायचं. ट्रॅफिक लागला तर दोन तास कुठे गेले कळत नाही. दोन्ही तिकिटांत थोडाच फरक असेल तर न्यूअर्क घ्या, घ्यायला येणारा दुवा देईल.

इकडच्या बाजूलाही आता बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे सहार, म्हणजे टर्मिनल २, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली. नागपूरहून किंवा गोव्याहून मुंबईला येऊन पुढचं विमान पकडणार असाल, तर पहिलं विमान कुठे उतरतंय ते तिकिटावर बोट ठेवून वाचा. नवा विमानतळ आहे त्या उलव्यापासून सहारपर्यंतचा रस्ता सामानासकट, संध्याकाळच्या गर्दीत, कनेक्शनच्या वेळेत करायची गोष्ट नाही.

पायरी २: अंतर भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून जाते. त्या रेघेने खरोखर उडायचं ठरवलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. प्रत्यक्षातलं सर्वांत जवळचं अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. सतराशे किलोमीटर वाचले, म्हणजे विमानाचे जवळजवळ दोन तास.

हे वाचतात कसे? पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, म्हणून. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, नसेल तर मुलांचा फुटबॉल चालेल. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो, मध्य आशिया आणि रशियावरून जातो, आइसलँडच्या पूर्वेच्या समुद्रावर जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. हा सर्वांत छोटा मार्ग.

आई विमानात बसली आणि समोरच्या पडद्यावर तिने नकाशा लावला. थोड्या वेळाने कोपराने ढोसून मला म्हणाली, "अरे, हे वर कुठे चाललंय? अमेरिका डावीकडे आहे ना?" शेजारचे गृहस्थही मान वळवून बघू लागले, त्यांनाही तीच शंका असावी.

अंतर स्वतः काढायचं तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, विमानतळावर उजवं बटण दाबून 'अंतर मोजा' निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल. ती बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका. दोन वेबसाइटांवर आकडे फार वेगळे दिसले तर एकक तपासा. एका ठिकाणी किलोमीटर असतात, दुसऱ्या ठिकाणी मैल, आणि विमानवाली मंडळी सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे हाच प्रवास कुठे १२,५०० दिसतो, कुठे ७,८००, तर कुठे ६,७५०च्या आसपास. तिन्ही खरे.

पायरी ३: अंतरावरून तास

यासाठी मी एक घरगुती सूत्र वापरतो. किलोमीटरना ८५० ने भागा आणि वर पाऊण तास टाका. मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, पण चढताना, उतरताना, वळणं घेताना वेग कमी असतो, म्हणून ८५०. पाऊण तास धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा, रांगेत थांबण्याचा आणि उतरल्यावर गेटला लागण्याचा.

मुंबई–दिल्लीवर करून बघा. हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. भागाकार येतो एक तास वीस मिनिटं, त्यात पाऊण तास, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. तिकिटावर साधारण तेवढंच असतं. मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, उत्तर तीन तास. आता न्यूयॉर्क: १२,५०० भागिले ८५० म्हणजे चौदा तास चाळीस मिनिटं, वर पाऊण, एकूण साडेपंधराला पाच मिनिटं कमी.

हा अंदाज आहे. त्यात घट आणि वाढ करणारी दोन कारणं पुढच्या पायरीत. पण एजंट जर "थेट विमान आहे, तेरा तासांत पोचतं" म्हणाला, तर त्याला थांबवण्यापुरतं हे गणित पुरेसं आहे.

पायरी ४: जाताना जास्त, येताना कमी

थेट विमानाला जाताना पंधरा-साडेपंधरा तास किंवा थोडे अधिक, आणि येताना चौदाच्या आसपास. कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर सहज जातो. न्यूयॉर्कहून येणारं विमान त्या वाऱ्यावर स्वार होतं. जाणारं त्याला चुकवत, वळसे घेत जातं. पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ कमी लागतो, असं आमच्या सोसायटीत एक काका ठामपणे सांगतात. तसं नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

दुसरं कारण आकाशातल्या हद्दींचं. दोरा ताणून आलेला मार्ग पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून जातो, पण तो सगळ्यांना खुला नसतो. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने युरोपीय आणि अमेरिकी विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय विमानं मात्र तिथून जात राहिली. पुढे २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हद्द बंद केली आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून जाणाऱ्यांना याचा फटका जास्त, कारण त्यांचा सरळ रस्ताच तिकडून. मुंबईहून अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघता येतं, त्यामुळे वळसा तुलनेने कमी. तरीही त्याच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या वेळेत तासाभराचा फरक दिसला तर चक्रावू नका. त्यांचे रस्तेच वेगळे असतात.

म्हणून जुन्या लेखातले तास धरून बसू नका. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या वेबसाइटवर तुमच्या विमानाचा नंबर टाका आणि मागच्या आठवड्यात ते रोज खरोखर किती वाजता उतरलं ते बघा. छापील वेळेपेक्षा हे सात आकडे जास्त बोलके असतात. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात, त्यामुळे विमान अर्धा तास उशिरा सुटूनही पुष्कळदा वेळेवर पोचतं.

पायरी ५: तिकिटावरची घड्याळं

सगळा घोळ खरा इथे आहे, म्हणून इथे जरा निवांत बसा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची न्यूयॉर्कच्या. दोन्हींमधून सरळ वजाबाकी केली की आईसारखं 'सहा तास' उत्तर येतं. उपाय एकच: सगळं एका घड्याळात आणा, आणि ते घड्याळ भारताचं ठेवा.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. किती मागे, ते ऋतूवर ठरतं. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपण काहीच करत नाही. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. आमच्या घरात याचं वाक्यच झालंय: उन्हाळ्यात दहाला अर्धा कमी, हिवाळ्यात दहाला अर्धा जास्त.

आता आईचं तिकीट. जुलै महिना, म्हणजे साडेनऊ. न्यूयॉर्कला सकाळी साडेसात, त्यात साडेनऊ मिळवले की भारतात संध्याकाळचे पाच. मुंबईहून निघाली रात्री दीडला. दीड ते पाच, साडेपंधरा तास. जमलं.

येताना उलटा भास होतो. समजा न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालात आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोचलात. कागदावर साडेतेवीस तास दिसतात आणि माणूस घाबरतो. पण न्यूयॉर्कचे दुपारचे बारा म्हणजे भारतातले रात्रीचे साडेनऊ. साडेनऊ ते सकाळी साडेअकरा, झाले चौदा. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात 'अधिक १' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ दुसरा दिवस. घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना ते बारीक अक्षर विसरू नका.

आणि आता रात्री बाराच्या नंतरची गोष्ट. मुंबईहून लांब जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आमच्या एका काकांचं विमान होतं १२ तारखेला, ००:५५ ला. काकांनी १२ तारखेचा दिवस सामान बांधण्यात घालवला, संध्याकाळी देवाला नारळ फोडला, मंडळींच्या पाया पडणं झालं आणि रात्री नऊला सगळं कुटुंब सहारला हजर. विमान त्याआधी वीस तास उडून गेलं होतं. दोन मोठ्या बॅगा, चिवड्याचे डबे आणि सोडायला आलेले सात जण त्याच गाडीतून परत आले. तिकीट नव्याने काढावं लागलं, ते आकडे काका अजून सांगत नाहीत.

तेव्हा वेळ ०० पासून ०३ पर्यंतची असेल तर तारखेतून एक वजा करा आणि कॅलेंडरवर त्या आदल्या दिवसावर लाल गोल करा: "आज रात्री विमानतळावर". कालनिर्णयवर केला तर घरातल्या सगळ्यांना दिसतो.

पायरी ६: थेट की मध्ये थांबून

लोकांना वाटतं, मध्ये थांबलं की अंतर वाढतं आणि म्हणून वेळ वाढतो. आकडे बघा. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,७४०. थेट मार्गापेक्षा फक्त सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जास्त. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. दिशा चुकलेलं उदाहरण हवं असेल तर सिंगापूर: मुंबईहून आधी ३,९०० किलोमीटर पूर्वेला जायचं आणि मग तिथून न्यूयॉर्कचं १५,३०० किलोमीटरहून लांब उड्डाण धरायचं. स्वस्त दिसलं तरी हे तिकीट काढणाऱ्याने आधी पृथ्वीगोलावर दोरा ताणावा.

म्हणजे थांब्यात अंतर फारसं जात नाही, वेळ जातो: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, गेट शोधणं, वाट बघणं. लंडनमार्गे पहिला टप्पा दहा तासांच्या आसपास, दुसरा आठ, मध्ये तीन तास धरले की एकवीस. तरुणांनी पैसे वाचवायला खुशाल थांबावं. एकटे निघालेले, इंग्रजीची सवय नसलेले, गुडघे दुखणारे आईवडील असतील तर माझं मत स्पष्ट आहे: थेट विमान परवडत असेल तर थेटच घ्या. नाहीच जमलं तर एकच थांबा, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, मध्ये किमान तीन तास, आणि व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच. एकाच तिकिटावर असलं की पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर ते ओझं तुमचं. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी बघा, नंतर नाही.

न्यूयॉर्कच्याही पुढे, म्हणजे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर एक वेगळा हिशेब धरा. अमेरिकेत ज्या गावी पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं आणि बॅगाही पट्ट्यावरून स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. दीड तासाचं कनेक्शन तिथे पुरत नाही.

पायरी ७: घरापासून घरापर्यंत

साडेपंधरा तास हा विमानाचा आकडा, माणसाचा नाही. पुण्याहून निघणाऱ्याचा हिशेब मांडू, सगळा भारतीय वेळेत. रात्री दीडचं विमान, म्हणून तीन-साडेतीन तास आधी सहारला, म्हणजे दहाला. द्रुतगती मार्गाने दीडशे किलोमीटर, पण घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की संपलं. म्हणून पाच वाजता घर सोडायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला विमान उतरतं. इमिग्रेशन, बॅगा, बाहेर येणं यात सात. एडिसनला घरी पोचेपर्यंत नऊ. पाच ते दुसऱ्या दिवशीचे नऊ, अठ्ठावीस तास. तिकडे मात्र सकाळचे साडेअकराच वाजलेले असतात आणि भाऊ म्हणतो, "चल, जेवून जरा मॉलला जाऊन येऊ." त्या दिवशी कुठेही जाऊ नका.

औषधांचा हिशेबही घड्याळावर नाही, तासांवर होतो. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन असेल तर तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणता डोस प्रवासात कधी घ्यायचा ते लिहून आणा. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत नाही. विमानात दोन-अडीच तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. स्वच्छतागृह लांब पडेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या आयांची जुनी खोड आहे. त्यासाठी कडेची सीट आधीच घेऊन ठेवा. शाकाहारी किंवा जैन जेवण निदान दोन दिवस आधी सांगावं, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

शेवटचं काम कागदाचं. आईच्या पर्समध्ये मी वहीचं एक पान घडी करून दिलं होतं, मोठ्या अक्षरात, सगळं भारतीय वेळेत. दीडला विमान सुटेल. तीनला जेवण येईल, खाऊन झोप. सकाळी आठला बीपीची गोळी, ही वेळ डॉक्टरांनी सांगितलेली. दुपारी दोननंतर खिडकीतून जमीन दिसली तर कॅनडा. पाचला उतरेल. खाली भावाचा फोन नंबर आणि त्याच्या घराचा पत्ता, कारण इमिग्रेशनवर पत्ता विचारतात आणि तेव्हा फोनला रेंज नसते. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलू नकोस, असंही लिहिलं होतं.

परतीचा कागदही जातानाच करून द्या. आईने तो तिकडे सहा महिने फ्रिजला चिकटवून ठेवला होता, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली तेव्हा तिने स्वतःच साडेनऊ खोडून साडेदहा केलं होतं.